घड्याळात सव्वासात, वहीत सात

यवतमाळात कृषी हवामानाची सकाळची नोंद घ्यायची तर घड्याळात सात वाजून सतरा-अठरा मिनिटं व्हावी लागतात. वहीत मात्र लिहायचं ‘सात’. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची, तिकडे मिर्झापूरजवळची. यवतमाळ त्याच्या पश्चिमेला चार-साडेचार अंशांवर, आणि एका अंशाला चार मिनिटं. इथल्या पऱ्हाटीसाठी सात वाजतात तेव्हा मोबाइल सव्वासात दाखवत असतो. कृषी हवामानाच्या नोंदी पिकाच्या वेळेनं घेतात, साहेबाच्या वेळेनं नाही. दुपारी दोनची नोंदही अशीच उशिरा. पाऊस तेवढा सगळ्या देशात एकदम, सकाळी साडेआठला मोजायचा.

अशी वेधशाळा म्हणजे तारेचं कुंपण घातलेला मोकळा चौकोन. आत चार पायांवर उभी पांढरी लाकडी पेटी, भिंतींना खिडकीसारख्या तिरप्या झडपा, दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी ऊन पाऱ्यावर पडू नये. ही स्टीव्हन्सनची पेटी. आत चार तापमापक: एक दिवसाचं कमाल दाखवणारा, एक किमान, एक कोरडा आणि एक ओला. ओल्याच्या पाऱ्याच्या टोकाला मलमलची चिंधी गुंडाळलेली असते, तिला बांधलेली सुताची वात खालच्या पाण्याच्या कुपीत सोडलेली. चिंधी मळली की बदलायची, कुपी आटली की भरायची. कोरडा आणि ओला यांच्या आकड्यांतला फरक घेऊन कोष्टक पाहिलं की हवेतली आर्द्रता कळते. बाहेर मातीत ५, १० आणि २० सेंटिमीटरवर खुपसलेले तापमापक, वाऱ्याच्या वाट्या, बाष्पीभवनाचं पसरट पात्र. पात्रावर जाळी टाकलेली असते, नाहीतर उन्हाळ्यात पाखरं येऊन पाणी पितात आणि आपण म्हणतो, बाष्पीभवन वाढलं. शिवाय एक काचेचा गोळा. त्यातून एकवटलेलं ऊन मागच्या कागदी पट्टीवर डाग पाडत जातं. संध्याकाळी जळालेली लांबी मोजली की आज किती तास ऊन होतं ते समजतं.

या चौकोनाचं मूळ पुण्यात आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. शेतीसाठीच्या रॉयल कमिशननं त्याच सुमारास शिफारस केली की शेतीच्या हवामानाचा वेगळा विभाग हवा. १९३२ मध्ये तो सुरू झाला आणि सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी एल. ए. रामदास त्याचे प्रमुख झाले. त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री सगळ्यात थंड हवा जमिनीला चिकटून असते असं तेव्हाची पुस्तकं सांगत. रामदासांनी जमिनीपासून वेगवेगळ्या उंचीवर पारे लावले, तर सगळ्यात थंड थर जमिनीच्या वर वीत-दोन वीत उंचीवर सापडला. जगानं बराच काळ विश्वास ठेवला नाही, मोजण्यात चूक असेल म्हणाले. पुढे इतरांनाही तेच दिसलं, आणि त्याचं समाधानकारक गणित बंगळुरूच्या रोद्दम नरसिंहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडायला १९९०चं दशक उजाडलं. साठ वर्षं ती नोंद वहीत तशीच उभी होती. पुस्तकाशी जुळत नाही म्हणून कुणी ती खोडली नाही. चौकोनातली ती पेटी, ते पारे, त्या वाट्या देशातच आणि एका मापाच्या बनाव्यात म्हणून पुण्याच्या कार्यशाळेत ज्यांनी शंभरेक उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले, त्या अण्णा मणीही याच खात्यातल्या.

पुढचा प्रवास भरभर सांगतो. १९४५ पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामान. १९७६ पासून राज्यपातळीवर सल्ला. नव्वदीत कृषी विद्यापीठांमधून विभागवार, २००८ पासून जिल्हावार. देशभर अशी १३० केंद्रं. एकेका केंद्राकडे चार-पाच जिल्हे. आमच्या अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणांहून हे काम चालत आलं आहे. मात्र चार-पाच जिल्हे म्हणजे काय, ते यवतमाळात बसून बघावं. एकट्या या जिल्ह्यात सोळा तालुके. वणी-झरीला धो-धो आणि त्याच दुपारी नेर-दारव्ह्याला ऊन, हे इथं नवलाचं नाही. २२ जुलै २०२३ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर चाळीसहून जास्त माणसं पुरात अडकली, हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. हवामान सल्ल्याच्या पत्रिकेतलं ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी’ हे वाक्य वाचून आमच्याकडचा माणूस विचारतो, तुरळक म्हणजे नेमकं कोणाच्या वावरात?

या प्रश्नाचं उत्तर म्हणून २०१८ मध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं निघाली. सरकारी लघुरूप डामू. आमच्याकडे ते नाव ऐकून लोक आधी हसले. ५३० केंद्रांचं उद्दिष्ट होतं, प्रत्यक्षात १९९ झाली, कृषी विज्ञान केंद्रांच्या आवारात. विदर्भात बुलढाणा, गडचिरोली अशा जिल्ह्यांत. प्रत्येक ठिकाणी दोन माणसं: एक विषय विशेषज्ञ, एक निरीक्षक. दोघंही कंत्राटी. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, सल्ला पत्रिका काढायची. हवामान खात्याकडून पुढच्या पाच दिवसांचे आकडे यायचे: पाऊस, कमाल-किमान तापमान, ढग, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा. ते तालुकावार. आता आकड्याचा सल्ला करायचा. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. ‘आर्द्रता ८५ टक्के, वारा ताशी १६ किलोमीटर’ हे कुठलंही यंत्र लिहील. सोयाबीन आता फुलोऱ्यात आहे, तूर गुडघ्याएवढी आहे, मागच्या आठवड्यात डवरणी झालेली नाही, तेव्हा परवाची उघडीप डवरणीला वापरा आणि फवारा शनिवारवर ढकला, हे लिहायला जिल्ह्याचं पीक डोळ्यासमोर लागतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे तर जूनमध्ये कानी-कपाळी ओरडून सांगावं लागतं. मृगाचा एक शिडकावा झाला की तिफणीला हात लावल्याशिवाय राहवत नाही, आणि मग दुबार पेरणी. सरकीची पाकिटं दुसऱ्यांदा घेताना घरात काय बोलणं होतं ते ज्यानं ऐकलं आहे त्याला त्या एका ओळीची किंमत सांगायला नको.

खरं काम पत्रिकेच्या बाहेर, फोनवर व्हायचं. ‘फवारा मारू काय जी उद्या?’ एवढाच प्रश्न. समोरच्याला हो किंवा नाही हवं असतं.

यवतमाळात या प्रश्नाला वजन आहे. २०१७च्या पावसाळ्यात, जुलै ते ऑक्टोबर, कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. कुणाची नजर अंधूक झाली होती, कुणाला पलंगाला बांधून ठेवावं लागत होतं. कारणं अनेक सांगितली गेली: जहाल औषधांची मिसळ, तोंडाला नुसता दुपट्टा, जोरात मारणारे पंप. पण त्यात हवामानही होतं. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती, हवा दमट आणि कोंदट, घामानं अंगाची छिद्रं उघडी, आणि वारा फिरला की सगळं तोंडावर. वाऱ्याकडे पाठ करून फवारा, भर दुपारी मारू नका, ही वाक्यं पत्रिकेत नेमानं असतात. वाचणाऱ्याला ती रटाळ वाटतात. ज्यानं त्या वॉर्डातून फेरी मारली होती त्याला वाटत नाहीत.

डामू पुढच्याच वर्षी निघाली हा योगायोग. ती बंद करण्याचा हुकूम जानेवारी २०२४ मध्ये निघाला, हा मात्र योगायोग नव्हता. आर्थिक वर्ष संपलं की केंद्रं संपली. पुढे माहितीच्या अधिकारात कागद बाहेर आले आणि वृत्तपत्रांनी ते छापले. २०२३ मधल्या खर्चाच्या चर्चेत नीती आयोगाकडून दोन मुद्दे आले होते: हवामानाची माहिती आता आपोआप गोळा होते, तेव्हा तिथं माणसं कशाला, आणि ही सेवा फुकट का, खाजगीकरण करा, तिचे पैसे घ्या. पहिला मुद्दा चुकीच्या समजावर उभा होता. डामूतल्या माणसाचं मुख्य काम आकडे गोळा करणं हे नव्हतंच, आकड्यांचा सल्ला करणं हे होतं. हे म्हणजे, धान्य गिरणीत दळून मिळतं, तेव्हा घरात भाकरी थापणाऱ्याची गरज काय, असं विचारण्यासारखं आहे.

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर एका सरकारी कामासाठीच झालेल्या अभ्यासात आधीच होतं. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेनं, म्हणजे एनसीएईआरनं, २०२० मध्ये हिशेब मांडला होता: कोरडवाहू भागातल्या दारिद्र्यरेषेखालच्या शेतकरी कुटुंबाला हवामानाच्या माहितीमुळे वर्षाला सुमारे १२,५०० रुपयांचा लाभ होतो. ज्याला तो लाभ होतो त्याच्याकडूनच फी घ्यायची म्हटली की तो पहिला गळतो, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. आणि खाजगी आमच्याकडे काही नाही असंही नाही. राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पात खाजगी कंपनीच्या मदतीनं महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं २०१७ पासून उभी आहेत. पीकविम्याच्या हिशेबाला ते आकडे लागतात. फवारा मारू की नको, हे ते खांब सांगत नाहीत. त्यांचं ते कामही नाही.

या सगळ्याला राजकीय हस्तक्षेप म्हणावं का? मी थोडा थबकतो. कुणी कुठल्या वैज्ञानिकाला निष्कर्ष बदलायला सांगितलं नाही. निष्कर्ष शेतापर्यंत नेणाऱ्याचा पगार तेवढा थांबला. पण वैज्ञानिक गप्प बसले नाहीत, हेही खरं. आणंदच्या कृषी हवामानशास्त्रज्ञांच्या संघटनेनं वर पत्रं लिहिली. नितीन गडकरींसह काही लोकप्रतिनिधींनी केंद्रं चालू ठेवा म्हणून लिहिलं. मोर्चा नाही, घोषणा नाही. किती पत्रिका, किती शेतकरी, किती फायदा, असे रकाने भरून पाठवलेले कागद. हवामानवाल्यांना भांडायचं म्हटलं तरी तक्ताच सुचतो.

अमेरिकेतले शास्त्रज्ञही कागदानंच भांडले. २०२५च्या फेब्रुवारीत तिथल्या नोआ या हवामान-सागर संस्थेतून शेकडो जणांना एका फटक्यात काढलं. मार्चमध्ये माणसं नाहीत म्हणून ओमाहा आणि रॅपिड सिटीला हवामानाचे फुगे सोडणं थांबवलं. असा फुगा नागपूरहूनही पहाटे साडेपाचच्या सुमारास वर जातो, आणि जगभरचे फुगे एकाच वेळी जातात, कारण संगणकातलं प्रारूप साऱ्या पृथ्वीची हवा एकदम मागतं. त्याच वर्षीच्या जुलैत तिथल्या ऊर्जा खात्यानं पाच जणांकडून हवामानबदलाची धास्ती अवास्तव आहे अशा सुराचा अहवाल लिहवून घेतला. पंच्याऐंशीहून अधिक शास्त्रज्ञांनी दोन महिन्यांच्या आत चारशेहून जास्त पानांचं उत्तर दिलं, फुकट, आपापल्या वेळात. तिथला वाद निष्कर्षावरही होता, आपला फक्त पगारावर. आपला मला जास्त अवघड वाटतो, कारण त्यात कुणी खलनायक सापडत नाही.

सल्ला देणारा हटला म्हणून प्रश्न विचारणारा थांबत नाही. तो दुसरीकडे जातो. परभणीकडचे पंजाब डख यांचा अंदाज आमच्या पानठेल्यावर सरकारी पत्रिकेआधी पोचतो, आणि यात त्यांचा दोष नाही: ते शेतकऱ्याच्या भाषेत, तारखेसकट बोलतात. अक्षय्य तृतीयेला बुलढाण्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. घागरीभोवती अठरा धान्यं, ढेकळं, करंजी, पापड मांडतात आणि दुसऱ्या पहाटे काय हललं ते बघून पाऊस, पीक आणि शिवाय ‘राजा’ टिकेल की जाईल, सगळं सांगतात. हवामान आणि राजकारण एकाच घागरीत घालणारी माझ्या माहितीतली ही एकमेव संस्था, आणि तिच्या खर्चात कपात करण्याचं आजवर कुणाच्या मनात आलेलं नाही.

केंद्रं बंद झाली त्याच २०२४ सालच्या सप्टेंबरात केंद्रानं दोन हजार कोटींचं ‘मिशन मौसम’ मंजूर केलं. पुण्याच्या आयआयटीएममध्ये ‘अर्क’ हा महासंगणक बसला. ऑक्टोबरात ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाज सुरू झाला, आणि मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या चौकटीवर चालणारं ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ आलं. हे काम उत्तम आहे, पुण्याच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं खपून केलेलं आहे, त्याचा अभिमान वाटावा. सहा किलोमीटर म्हणजे घाटंजीचा पाऊस आणि आर्णीचा पाऊस आता आणखी नीट वेगळा दिसणार. मग वावरापासून चार पावलांवर आलेला अंदाज वावरात नेणारी जवळपास चारशे माणसं त्याच साली घरी का बसवली, याचा ताळमेळ मला लागत नाही. केंद्रं पुन्हा सुरू करण्याचा विचार आहे, असं पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडून त्याच वर्षी सांगितलं गेलं. पण कंत्राट संपलेला माणूस दुसरीकडे लागलेला असतो. त्याच्या फोनमधले शेतकऱ्यांचे नंबर त्याच्यासोबत जातात.

राहिला तो तारेतला चौकोन. त्यातलं जवळजवळ सगळं यंत्राला देता येईल, हे मान्य. पण जिथं जुनी पेटी अजून उभी आहे तिथं ती सुताची वात आहे. उन्हाळ्यात कुपीतलं पाणी झपाट्यानं आटतं. दोन-चार दिवस कुणी फिरकलं नाही की चिंधी कोरडी पडते, मग ओला तापमापक आणि कोरडा तापमापक एकच आकडा दाखवू लागतात. दोघांत फरक शून्य. कोष्टकात शून्याच्या रकान्यात बघितलं तर आर्द्रता निघते शंभर टक्के. मे महिन्यात, यवतमाळात, पारा ४४वर असताना.