भेग काय सांगते?
पुलाच्या भेगेवर सिमेंट लिंपण्याआधी ती पडली कशाने ते पाहावं. सळईच्या रेषेत धावणारी भेग बहुधा गंजाची. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि काँक्रीट फोडतो. हातोडी मारल्यावर पोकळ आवाज आला, म्हणजे सळईवरचं आवरण आतून सुटलंय. ताज्या फोडलेल्या भागावर अल्कता दाखवणारं फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन फवारतात. गुलाबी झालं तर ठीक. रंगच आला नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने सळईला जपणारी काँक्रीटची अल्कता संपवलीय, सळई उघडी पडल्यासारखीच. १९८६ साली गोव्यात मांडवीवरचा पूल कोसळला, तिथे काँक्रीटमधल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या. विदर्भातल्या धामणगाव रेल्वे गावाला गोव्यासारखं खारं वारं नाही. इथे पहिला संशय सांध्यातून झिरपणाऱ्या पाण्यावर, तुंबलेल्या पन्हाळीवर, आणि पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात आकसणाऱ्या काळ्या मातीवर.