पिनेतला खेळ

घणाचे दहा-बारा घाव बसले तेव्हा कुठे सांध्यातली पिन सुटली. मिस्त्रींनी ती डिझेलच्या डब्यात बुचकळली, चिंधीनं पुसली आणि माझ्या हातात दिली. "ह्ये बघा, एकाच अंगानं खाल्लीया." खरंच, पिनेची एक बाजू जशीच्या तशी होती आणि दुसऱ्या बाजूला चांगलाच खळगा पडला होता. झिजलेला भाग आरशासारखा चमकत होता. जिथे झीज संपत होती तिथे पायरी तयार झाली होती आणि तिला नख अडकत होतं.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातली ही सकाळ. शेडसमोर एक जुनी बॅकहो लोडर उभी होती. आपल्याकडे कुठल्याही कंपनीची असली तरी तिला 'जेसीबी'च म्हणतात. मागचा हात जमिनीला टेकवलेला, बूमखाली, म्हणजे त्या हाताच्या मुख्य तुळईखाली, लाकडी ठोकळे, पिवळा रंग जागोजागी उडालेला. मालकाचं म्हणणं होतं, इंजिन उघडा, मशीन ओढत नाही. मिस्त्रींनी इंजिनाला हातही लावला नाही. त्यांनी ऑपरेटरला बूम हवेत उचलून डावी-उजवीकडे हलवायला लावली, आणि स्वतः मागे उभे राहून फक्त सांध्यांकडे बघत राहिले. "जीव हाय हिच्यात अजून. सांधं गेल्यात नुसतं."

मला या लेखात याच सांध्यांबद्दल सांगायचंय. जुनं मशीन दुरुस्तीला काढताना पैसा आधी रंगावर, टायरवर, फार तर इंजिनावर जातो. मशीन मोडीत निघतं ते मात्र अनेकदा पिना आणि त्या ज्यात फिरतात त्या बुशांपायी.

थोडं मागे जाऊ, जेसीबीच्या जन्माकडे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या माणसानं 1945 साली इंग्लंडमधल्या उटॉक्सेटर गावी एका छोट्या गॅरेजमध्ये काम सुरू केलं. एक पौंडाला घेतलेलं जुनं वेल्डिंग मशीन आणि युद्धातलं भंगार, एवढ्यावर त्यानं शेतीची ट्रॉली बनवली आणि ती 45 पौंडांना विकली. त्याच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे जेसीबी. ट्रॅक्टरच्या पुढे लोडर आणि मागे खोदायचा हात, हे त्याचं पहिलं मशीन 1953 सालचं. भारतात ही कंपनी 1979 साली एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत हरियाणातल्या बल्लभगडला आली, आणि पुढे पुण्याजवळही तिचे कारखाने झाले.

भंगार आणि वेल्डिंगवर उभी राहिलेली ही गोष्ट कोल्हापूरकराला परकी वाटायचं कारण नाही. बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा याच गावात घडवला आणि 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. उसाच्या पाण्यासाठी लागणारी ऑइल इंजिनं इथे बनली, दुरुस्त झाली, आणि त्या कामातून फाउंड्री, लेथ आणि टर्नर यांचं जाळं उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत पसरलं. त्यामुळे एखादी पिन बाजारात मिळाली नाही म्हणून कोल्हापुरात मशीन उभं राहत नाही. नमुना घेऊन गेलं की गोल सळई कापून, लेथवर कातून, कडक करून पिन हातात येते.

मशीन झिजवायला आपली जमीनही तितकीच समर्थ आहे. शाहूवाडी, राधानगरी, चंदगडकडे जांभा. त्याची तांबडी धूळ ग्रीसमध्ये मिसळली की कानशीच्या भुकटीसारखी काम करते. शिरोळ, हातकणंगलेकडची काळी माती पावसात चिकटून बसते आणि सांध्यांत घुसते. 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. अशा पुरात उभ्या राहिलेल्या मशीनच्या ॲक्सलमध्ये पाणी शिरलं तर तिथलं तेल ताकासारखं पांढुरकं होतं. ते तेल बदलल्याशिवाय मशीन एक फूटही चालवू नये.

आता खेळाचा, म्हणजे सांध्यातल्या ढिलेपणाचा, हिशेब. मागचा हात ज्या खांबावर डावी-उजवीकडे फिरतो त्याला किंगपोस्ट म्हणतात. समजा तिथल्या वरच्या आणि खालच्या पिनेत 40 सेंटीमीटर अंतर आहे आणि त्या जोडीत 2 मिलिमीटर खेळ आला. बकेट तिथून 4 मीटर लांब, म्हणजे दहापट. तिच्या टोकाला तोच खेळ 20 मिलिमीटर होतो. त्यात बूमचा, बूमच्या टोकाला जोडलेल्या हाताचा आणि बकेटचा खेळ मिळवा. मग चर सरळ येत नाही, पाइपलाइनशेजारी खोदताना ऑपरेटरचा हात कचरतो, आणि दिशा बदलताना प्रत्येक वेळी खाडकन आवाज येतो. तो आवाज म्हणजे लोखंडावर पडलेला घणच. त्याचा धक्का सिलिंडरच्या रॉडला बसतो, रॉड तिरका दाबला जातो, आणि सील कापलं जातं. म्हणून नुसतं सील किट बदललं की काही दिवसांत तेल पुन्हा गळायला लागतं. मूळ दुखणं दोन हात पलीकडच्या पिनेत असतं.

आमच्या मशीनचं हेच झालं होतं. आधी कुणीतरी भोकात पत्र्याची पट्टी घालून नवी पिन ठोकली होती. पट्टी चुरून बाहेर आली आणि भोक आणखी अंडाकृती झालं. अंडाकृती भोकात नवी पिन घालणं म्हणजे पैसे पाण्यात. त्यावर खरा इलाज लाईन बोअरिंगचा. भोक आतून वेल्डिंगनं भरून घेतात. मग दोन्ही बाजूंच्या भोकांतून एकच लांब दांडा ओवतात, त्यावर कटिंगचं टूल बसवतात, आणि दोन्ही भोकं एकाच रेषेत कातून मापाला आणतात. एकेक भोक वेगळं कातलं तर रेषा चुकते आणि पिन तिरकी बसते. हे यंत्र मशीनजवळ नेऊन बसवता येतं, त्यामुळे अवाढव्य बूम उचलून कारखान्यात न्यावी लागत नाही.

मिस्त्रींनी त्या दिवशी दांडा बसवायलाच दोन तास घेतले. गेज लावायचा, दांडा हातानं फिरवायचा, काटा बघायचा, किंचित सरकवायचा, पुन्हा फिरवायचा. कातायला त्याहून कमी वेळ लागला. शेवटी बोटभर लांबीची चकचकीत लोखंडी कुरळी बाहेर पडली, तेव्हा त्यांनी भोकाच्या आत बोट फिरवून बघितलं आणि मान हलवली.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढल्या होत्या, आणि अर्थची क्लँप वेल्डिंगच्या अगदी जवळ लावली होती. ती लांब लावली तर करंट बुशांतून आणि बेअरिंगांतून जातो आणि तिथे बारीक खड्डे पडतात. घाईत हे हमखास विसरलं जातं.

जिवाशी गाठ असलेल्या दोन गोष्टी मात्र ठळक सांगतो. हायड्रॉलिकच्या भरवशावर उचललेल्या बूमखाली कधीही जाऊ नका. होज फुटली तर ती बूम एका क्षणात खाली येते. आधी ठोकळे किंवा आधार लावा. दुसरं, होजमधली बारीक गळती हातानं चाचपू नका. सुईएवढ्या छिद्रातून दाबानं येणारं तेल कातडी भेदून आत शिरतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण बोट किंवा हात गमवायची वेळ येऊ शकते. पुठ्ठा धरून गळती शोधा, आणि तेल शिरलंच तर दुखायची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

पंप, गिअर आणि इंजिनाचा हिशेब सांध्यांनंतरचा. सांधे घट्ट झाल्यावर मशीन खरंच दमलंय का ते कळतं. आमच्या मशीनचं इंजिन शेवटपर्यंत उघडावं लागलं नाही.

सांधे बसले त्या संध्याकाळी मिस्त्रींनी ग्रीसगन ऑपरेटरच्या हातात दिली. "नवं ग्रीस बाहेर आलं पायजे. तवर दाबत ऱ्हा." निप्पलमधून आत जाणारं ताजं ग्रीस जुनी, वाळू मिसळलेली घाण बुशाच्या कडेनं बाहेर ढकलतं. बाहेर येणाऱ्या ग्रीसचा रंग बदलला की सांधा धुऊन निघाला असं समजावं. बंद पडलेलं निप्पल लगेच बदलावं. ते चार पैशांचं निप्पल वाचवून काही हजारांचं लाईन बोअरिंग ओढवून घेतलेली मशिनं उद्यमनगरातल्या या एका रस्त्यावर कितीतरी दिसतात.

ऑपरेटर ग्रीसिंग का करत नाही, हेही मी त्याला विचारलं. तो म्हणाला, भाडं तासावर, पगार कामावर, आणि सकाळी मशीन उभं दिसलं की मालकाचा फोन येतो. मला त्याचं म्हणणं पटलं. म्हणून मशीन बाळगणाऱ्या आणि भाड्यानं घेणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे: सकाळी काम सुरू होण्याआधीची ग्रीसिंगची वेळ कामाच्या तासांत धरा, आणि त्या वेळेत ऑपरेटरला फोन करू नका.