डिझेल ट्रक आणि ट्रेलर: ओढण्याआधी पेलण्याचा हिशेब

ट्रॅव्हल ट्रेलर जोडून राष्ट्रीय उद्याने पाहण्याची हौस अमेरिकेतील अनेक कुटुंबांना पहिला डिझेल पिकअप ट्रक घ्यायला लावते. जाहिरातीत एकच आकडा ठळक असतो: हा ट्रक इतके हजार पौंड ओढतो. नवा मालक ट्रेलरचे वजन त्या आकड्याशी ताडून पाहतो आणि निर्धास्त होतो. वास्तविक तो आकडा अनेक मर्यादांपैकी केवळ एक आहे, आणि पुष्कळदा तो गाठण्यापूर्वीच दुसरी एखादी मर्यादा ओलांडली जाते. डिझेल इंजिनाची ओढ क्वचितच अपुरी पडते. अपुरे पडतात ते ॲक्सल, टायर आणि ब्रेक.

दाराच्या चौकटीवरील आकडा

ड्रायव्हरचे दार उघडले की चौकटीवर लेबले दिसतात. त्यांपैकी एकावर भारासहित ट्रकचे कमाल वजन आणि प्रत्येक ॲक्सलची क्षमता नोंदवलेली असते. टायरविषयीच्या लेबलवर बहुतेक ट्रकांत पेलोडही छापलेला असतो. माणसे आणि सामान मिळून ट्रकने किती वजन पेलावे, याची ती मर्यादा. हा आकडा त्या विशिष्ट ट्रकचा असतो, मॉडेलचा नव्हे. मोठी केबिन, फोर व्हील ड्राइव्ह, सनरूफ अशी प्रत्येक सोय त्यातून वजा होते. शिवाय डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा बरेच जड असते. त्यामुळे त्याच श्रेणीतील डिझेल ट्रकचा पेलोड अनेकदा पेट्रोल ट्रकपेक्षा कमी भरतो.

ट्रेलरचे सारे वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसते. साध्या हिचला जोडलेल्या ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार ट्रकच्या मागच्या टोकावर येतो. फिफ्थ व्हील प्रकारात तो १५ ते २५ टक्के असतो. समजा, ट्रकचा पेलोड २,००० पौंड आणि सामानासह ट्रेलरचे वजन ९,००० पौंड आहे. त्याच्या १२ टक्के, म्हणजे १,०८० पौंड हिचवर येतील. हिचचे स्वतःचे वजन १०० पौंड, चालकासह चार माणसांचे ६०० पौंड आणि मागच्या हौद्यातील जनरेटर, सायकली वगैरेंचे ३०० पौंड धरले, तर बेरीज २,०८० पौंड होते. जाहिरातीत १४,००० पौंड ओढण्याचा दावा असला, तरी ९,००० पौंडांच्या ट्रेलरनेच पेलोडची मर्यादा मोडली.

माहितीपत्रकातील ट्रेलरचे वजन रिकाम्या ट्रेलरचे असते, हेही ध्यानात ठेवावे. टाकीतील ४० गॅलन पाणी एकटेच ३३० पौंडांहून अधिक भरते. म्हणून अंदाजावर विसंबू नये. महामार्गांवरील मोठ्या ट्रक स्टॉपवर वजनकाटे असतात. प्रवासाला निघताना असेल तशा भरलेल्या स्थितीत गाडी काट्यावर न्यावी. ट्रकचे पुढचे व मागचे ॲक्सल आणि ट्रेलरची चाके यांची वजने पावतीवर वेगवेगळी मिळतात. नंतर ट्रेलर सोडून ट्रकचे पुन्हा वजन करावे. ट्रकच्या वजनातील फरक म्हणजे हिचवरील भार.

हा भार कमी करण्यासाठी सामान ट्रेलरच्या मागच्या भागात ढकलणे धोक्याचे आहे. हिचवर वजन कमी पडले की वेगात ट्रेलर डावीउजवीकडे डोलू लागतो. अशा वेळी ट्रकचा ब्रेक जोरात दाबू नये आणि वेगही वाढवू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबून केवळ ट्रेलरचे ब्रेक लावावेत.

चढापेक्षा उतार कठीण

कोलोरॅडोतील आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,००० फुटांहून अधिक उंचीवर जातो. टर्बोचार्जरमुळे डिझेल इंजिन विरळ हवेतही तो चढ फारशी तक्रार न करता चढते. खरी कसोटी उतारावर लागते. सतत ब्रेक दाबून ठेवल्यास ते तापतात आणि त्यांची पकड जाते. ब्रेक निकामी झालेल्या वाहनांसाठी अशा उतारांवर वाळू-खडीचे रॅम्प बांधलेले असतात, यावरून धोक्याची कल्पना यावी.

पेट्रोल इंजिनात हवेचा मार्ग आवळला जातो, त्यामुळे ॲक्सिलरेटर सोडताच गाडी रोधली जाते. डिझेल इंजिनात तसे होत नाही, म्हणून त्याचा नैसर्गिक रोध कमी असतो. ही उणीव एक्झॉस्ट ब्रेक भरून काढतो. तो बाहेर पडणाऱ्या वायूंची वाट अरुंद करतो आणि इंजिनावर उलटा दाब निर्माण करतो. उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करावा, टो-हॉल मोड आणि एक्झॉस्ट ब्रेक सुरू करावा, गिअर खालचा ठेवावा. ब्रेक अधूनमधून ठामपणे लावून सोडावेत. घाट ज्या गिअरमध्ये चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा सह्याद्रीतील जुन्या चालकांचा नियम रॉकी पर्वतातही उपयोगी पडतो.

दोन टाक्या, दोन द्रव

भारतात जुनी डिझेल गाडी चालवलेल्यांनाही येथील ट्रकची दुसरी टाकी नवी वाटते. निळ्या झाकणाच्या त्या टाकीत डीईएफ, म्हणजे ३२.५ टक्के युरियाचे पाण्यातील द्रावण भरतात. ते धुरातील नायट्रोजन ऑक्साइड कमी करते. ते संपत आल्यास ट्रक आधी इशारे देतो आणि पुढे वेगावर मर्यादा घालतो. हे द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत गेले, किंवा डिझेलऐवजी पेट्रोल भरले गेले, तर इंजिन सुरू करू नये, इग्निशनही चालू करू नये. गाडी ओढून न्यावी. टाकी रिकामी करण्याचा खर्च इंधनपंप व इंजेक्टर बदलण्याच्या खर्चापुढे नगण्य असतो. नळीच्या हिरव्या मुठीवर विसंबू नये. काही पंपांवर ती मूठ पेट्रोलची असते, म्हणून लेबल वाचावे.

धुरातील काजळी डीपीएफ गाळणीत साचते आणि धूर पुरेसा तापल्यावर जळून जाते. केवळ जवळच्या फेऱ्या मारल्यास ही क्रिया अर्धवट राहते आणि गाळणी तुंबते. अधूनमधून महामार्गावर लांब फेरी मारणे, हा त्यावरचा सोपा उपाय. काजळी जळत असताना मात्र वाळलेल्या गवतावर ट्रक उभा करू नये. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधील मेण गोठते. थंड प्रदेशात जाताना तेथील हिवाळी डिझेल भरावे आणि योग्य मिश्रक आधीच घालावे. इंधनगाळणी वेळेवर बदलावी आणि तिच्यात साठलेले पाणी काढावे. आधुनिक इंजेक्टरला थोडेसे पाणीही सोसत नाही.

पहिल्या सहलीपूर्वी

पहिली लांब सहल ठरवण्याआधी अर्धा दिवस सरावाला द्यावा. रिकाम्या वाहनतळावर वळणे घ्यावीत, मागे घेण्याचा सराव करावा आणि ट्रेलर ब्रेकचा जोर जुळवावा. साखळ्या हिचखाली एकमेकींवरून फुलीसारख्या टाकाव्यात. ट्रेलर निसटल्यास ब्रेक आपोआप लावणारी तार ट्रकच्या सांगाड्याला अडकवावी, साखळीला नव्हे. ट्रेलरच्या टायरवरील निर्मितीची तारीख आणि हवा तपासावी. सुमारे ५० मैलांनंतर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळावेत. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाची वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे. इतर राज्यांचे नियम निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत.

ट्रक अजून खरेदी केलेला नसेल, तर हे सारे अधिकच सोपे आहे. विक्रेत्याकडे गेल्यावर इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी दार उघडावे आणि चौकटीवरील पेलोड वाचावा.