‘युरोपात पोचल्यावर बघू’ हे चालत नाही

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की नाशिककडच्या निर्यातदारांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं: ‘शिपिंग बिल झालं, लेट एक्स्पोर्ट ऑर्डर हातात आली, आता कस्टमचं काही उरलं नाही. पुढचं तिकडचा आयातदार बघेल.’ सांगलीचे बेदाण्याचे व्यापारी हेच म्हणतात, चाकणहून गाड्यांचे सुटे भाग पाठवणारे लघुउद्योजकही हेच म्हणतात. वर्षानुवर्षं निर्यात करणारी, हिशेबाला चोख माणसं असं बोलतात तेव्हा चीड येते. या एका समजुतीपायी चांगला माल बंदरात अडकतो आणि भुर्दंड शेवटी पिकवणाऱ्याच्या माथी येतो.

वस्तुस्थिती अशी आहे. कंटेनरने युरोपीय संघात जाणाऱ्या मालाची सुरक्षाविषयक माहिती, ज्या जहाजातून तो युरोपात शिरणार त्या जहाजावर चढण्याच्या किमान 24 तास आधी, तिथल्या कस्टमच्या संगणकात पोचलेली असावी लागते. जहाज न्हावा-शेव्याहून थेट जाणार असेल तर हे 24 तास न्हावा-शेव्यातच मोजले जातात. कंटेनर आधी फीडर जहाजाने कोलंबोला जाऊन तिथे मोठ्या जहाजावर चढणार असेल, तर कायद्याची मुदत कोलंबोच्या लोडिंगवरून ठरते. दोन्ही वेळा माल युरोपापासून हजारो मैलांवर असतो. शिवाय शिपिंग लाइन स्वतःचा कट-ऑफ याच्याही आधीचा ठेवते. मग ‘पोचल्यावर बघू’ म्हणायला जागा उरते कुठे?

या माहितीपत्राचं नाव एंट्री समरी डिक्लरेशन, रोजच्या बोलण्यात ईएनएस. ते ज्या यंत्रणेत भरतात ती आयसीएस-2. ज्यांना हे खरं वाटत नाही त्यांनी युरोपीय संघाच्या कस्टम्स कोडचं, म्हणजे नियमन 952/2013 चं, कलम 127 वाचावं. 24 तासांची मुदत नियमन 2015/2446 च्या कलम 105 मध्ये स्पष्ट लिहिलेली आहे.

गोंधळ होतो तो तीन वेगळे कागद एकच समजल्यामुळे. शिपिंग बिल आपल्या कस्टमसाठी असतं: भारतातून काय बाहेर चाललंय आणि ते जाऊ द्यायचं का? आयातीचं घोषणापत्र तिकडचा आयातदार भरतो: शुल्क किती आणि माल बाजारात सोडायचा का? ईएनएस या दोहोंपैकी काहीच नाही. त्यावरून आयात शुल्क आकारलं जात नाही. त्यातून एकाच प्रश्नाचं उत्तर शोधलं जातं: हा माल जहाजावर चढवणं सुरक्षित आहे का? उत्तर माल चढण्याआधी हवं, म्हणून माहितीही त्याआधीच हवी.

यावर लगेच दुसरं वाक्य येतं: ‘मग ते शिपिंग लाइनने भरावं, आमचा काय संबंध?’ ईएनएस भरण्याची पहिली जबाबदारी वाहतूकदाराची आहे, हे खरं. पण लाइनला माहीत असतं ते तिने दिलेल्या मास्टर बीएलवर (बीएल म्हणजे बिल ऑफ लेडिंग, मालवाहतुकीची पावती) जेवढं लिहिलंय तेवढंच. फॉरवर्डरने चार निर्यातदारांचा माल एका कंटेनरात भरला असेल तर त्या बीएलवर पाठवणारा म्हणून फॉरवर्डरचंच नाव असतं. खरा विकणारा कोण, खरा घेणारा कोण, खोक्यांत नेमकं काय, हे फॉरवर्डरने निर्यातदाराला दिलेल्या हाउस बीएलवर असतं. युरोपला नेमकं हेच हवं आहे. म्हणून वाहतूकदाराकडे सगळा तपशील नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याने तो द्यावा, अशी तरतूद त्याच कलम 127 मध्ये आहे. आयसीएस-2 मध्ये लाइन स्वतःचा भाग भरते आणि फॉरवर्डर हाउस बीएलचा भाग वेगळा भरू शकतो. 3 जून 2024 पासून समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाला ही पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. आधी शिपिंग लाइन आल्या, डिसेंबर 2024 पासून फॉरवर्डर. 2025 मध्ये रस्ता आणि रेल्वेही आले. फॉर्म कुणीही भरला तरी त्यातली माहिती निघते ती निर्यातदाराच्या टेबलावरून.

त्यातली एक ओळ जवळून बघू. मालाचं वर्णन या रकान्यात आजही कितीतरी जण ‘अॅग्रिकल्चरल प्रॉडक्ट्स’ लिहून मोकळे होतात. हे वर्णन चालत नाही. ‘फूडस्टफ्स’ चालत नाही, ‘पार्ट्स’ चालत नाही, ‘सेड टु कंटेन’ही नाही. युरोपीय आयोगाने चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या वर्णनांची यादीच दिलेली आहे. ‘फ्रेश टेबल ग्रेप्स’ असं साधं, सरळ लिहावं लागतं आणि सोबत सहा आकडी एचएस कोड. चार आकड्यांवर थांबलात तर 0806 मध्ये ताजी द्राक्षंही येतात आणि बेदाणेही. 080610 लिहिलं की ताजी द्राक्षं, 080620 लिहिलं की सुकवलेली. एक माल शून्य अंशाच्या आसपास रीफर, म्हणजे शीत कंटेनरमधून जातो, दुसऱ्याला रीफरची सक्ती नाही. कोड एक सांगतो आणि कंटेनर दुसरंच सांगतो, असं दिसलं की संशय घ्यायला तेवढं पुरतं.

दुसरी अडचण आयातदाराच्या ईओआरआय नंबरची. युरोपात कस्टमशी व्यवहार करणाऱ्या प्रत्येक कंपनीला हा नोंदणी क्रमांक असतो आणि माल घेणाऱ्याचा नंबर ईएनएसमध्ये द्यावा लागतो. आपल्याकडे तो मागितला जातो कधी? कंटेनर बंदरात गेट-इन झाल्यावर, शनिवारी दुपारी, कट-ऑफ डोक्यावर आल्यावर. हिवाळ्यात नेदरलँड्सचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं आणि शनिवारी तिथलं ऑफिस बंद. नंबर येत नाही, माहिती अपुरी राहते, लाइन कंटेनर चढवत नाही आणि जहाज निघून जातं. बहुतेक सेवा आठवड्याला एक असतात. द्राक्षाच्या आयुष्यातला एक आठवडा म्हणजे काय, हे बागायतदाराला सांगायची गरज नाही.

माहिती नीट गेली की नोंदणी क्रमांक मिळतो, एमआरएन. मग संगणक आणि अधिकारी धोका तपासतात. बहुतेक माल निर्वेध जातो. कधी जादा माहिती मागवली जाते, तेव्हा उत्तर ताबडतोब द्यावं लागतं. आणि धोका गंभीर वाटला तर ‘डू नॉट लोड’, म्हणजे माल चढवूच नका, असा आदेश येतो. चूक झाली तर दुरुस्ती करता येते; मात्र तपासणीचा निर्णय कळवल्यानंतर किंवा तपशील चुकीचा असल्याचं कस्टमने ठरवल्यानंतर दुरुस्तीचा दरवाजा बंद होतो.

‘एवढा जाच कशासाठी?’ असं विचारणाऱ्यांनी थोडा इतिहास लक्षात घ्यावा. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेने कंटेनरच्या लोडिंगआधी 24 तास माहिती मागायला सुरुवात केली. तो नियम 2 डिसेंबर 2002 ला लागू झाला. 2005 मध्ये जागतिक सीमाशुल्क संघटनेने सेफ आराखडा स्वीकारला, त्यातही आगाऊ इलेक्ट्रॉनिक माहितीला पायाचं स्थान आहे. मग ऑक्टोबर 2010 मध्ये येमेनहून शिकागोच्या पत्त्यावर निघालेल्या दोन पार्सलांत, प्रिंटरच्या टोनर कार्ट्रिजमध्ये दडवलेली स्फोटकं सापडली. एक पार्सल इंग्लंडच्या ईस्ट मिडलंड्स विमानतळावर पकडलं, दुसरं दुबईत. म्हणजे पकडली जाईपर्यंत दोन्ही विमानातून दुसऱ्या देशात पोचली होती, आणि त्यांतल्या एकाने प्रवासी विमानातूनही प्रवास केला होता. माल उतरल्यावर तपासून अशा वेळी काहीच उपयोग नसतो. आयसीएस-2 चा पहिला टप्पा 15 मार्च 2021 ला हवाई टपाल आणि कुरिअर पार्सलांपासून सुरू झाला, त्यामागे हाच धडा आहे.

आता उरलेले गैरसमज, थोडक्यात.

‘ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या नोंदणी यंत्रणेत, सगळी नोंद आहे, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटही आहे.’ ती कागदपत्रं कीड, औषधांचे अंश आणि मालाचा माग यांसाठी आहेत. ईएनएसच्या जागी ती चालत नाहीत.

‘नमुन्याचं छोटं पार्सल सुटतं.’ सुटत नाही. साधं पत्र सुटतं, किंमत कमी म्हणून वस्तू सुटत नाही.

‘आम्हाला एईओ, म्हणजे कस्टमने मान्य केलेला विश्वासू व्यापारी, हा दर्जा आहे.’ अभिनंदन, पण त्यामुळे ईएनएस माफ होत नाही.

‘माल युरोपात उतरणारच नाही, जहाज फक्त तिथे थांबून पुढे जाणार.’ तरीही जहाजावर राहणाऱ्या मालाची माहिती द्यावीच लागते.

‘ब्रिटनलाही हेच चालेल.’ ब्रिटनची यंत्रणा आता वेगळी आहे. आयसीएस-2 मध्ये उत्तर आयर्लंड येतं, शिवाय संघाबाहेरचे नॉर्वे आणि स्वित्झर्लंडही.

‘सगळे कंटेनर उघडतात.’ नाही. आगाऊ माहिती घेतात ती सगळे उघडावे लागू नयेत म्हणूनच.

‘हे सगळं परदेशी खूळ आहे.’ आपलं कस्टमही जहाज येण्याआधीच मॅनिफेस्ट मागतं. 2018 च्या नियमांनी त्यातला तपशील वाढवला आणि 2021 च्या वित्त कायद्यापासून आयातीचं बिल ऑफ एंट्री सर्वसाधारणपणे जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरावं लागतं.

हे काम अवघड नाही. सौदा ठरतो त्याच दिवशी आयातदाराकडून ईओआरआय नंबर आणि पूर्ण पत्ता लेखी घ्या. सहा आकडी कोड आणि मालाचं नेमकं वर्णन इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बीएलवर एकसारखं ठेवा. ईएनएस कोण भरणार, लाइन की फॉरवर्डर, हे बुकिंग करतानाच विचारा आणि एमआरएन मिळाल्याचं कळवायला सांगा. छाटणीपासून पॅकहाउसपर्यंत प्रत्येक मण्याची काळजी घेणाऱ्या शेतकऱ्याला, निर्यातदाराकडून कागदाचीही तेवढीच काळजी मागण्याचा हक्क आहे.