जमीन संपादनात कागदच बोलतो

व्यापारी बांधवांनो, रस्ता किंवा पूल बांधताना सरकारला खरी अडचण येते ती जागेची. उताऱ्यावर नाव आजोबांचे, वारस दहा आणि दुकान भाडेकरूचे. मग मोबदला द्यायचा कोणाला?

दुसरा तंटा भावाचा. १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात मोबदल्यावर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. पण बाजारभाव ठरतो रेडी रेकनर व आसपासच्या नोंदणीकृत खरेदीखतांवरून. स्टॅम्प ड्युटी वाचवायला खतात रक्कम कमी दाखवली, की साऱ्या मोहल्ल्याचा मोबदला घटू शकतो. मग कोर्टकचेरी आणि काम रखडते.

जागा स्वतःची नसली तरी तेथे तीन वर्षे काम करणारा, त्यावरच पोट असलेला भाडेकरू किंवा कारागीरही या कायद्याने बाधित ठरतो. उठावे लागले तर कारागीर व लहान व्यापाऱ्याच्या कुटुंबाला किमान २५,००० रुपये एकरकमी मदत आहे.

म्हणून भाडेपावती, वीजबिल, गुमास्ता परवाना जपून ठेवा. हरकतीची मुदत ६० दिवस. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात फक्त २१.