नव्या घरास विजेचें कायमचें मीटर

गांवठाणांतील जुनें घर भावाभावांस पुरेनासें झालें म्हणजे शेतांत नवें घर बांधण्याचा प्रघात आमचे तालुक्यांत अलीकडे फार वाढला आहे. पाया कोठें धरावा, गोठा किती अंतरावर असावा, याचा विचार शेतकरी आधीं करतो; विजेचा विचार मात्र भिंतींस रंग दिल्यावर करतो. कारण उघड आहे. विहिरीवर पंपाची वीज असतेच. तेथून एक वायर ओढली कीं काम भागतें. आम्हींही तसेंच केलें. जन्मभर महसूल कचेरींत लेखणी चालविलेल्या मनुष्यास हें सांगतांना संकोच वाटतो, परंतु तें सांगितल्यावांचून या लेखाचा वाचकांस उपयोग नाहीं.

आम्ही २०२४ सालीं निवृत्त झालों व त्याच वर्षीं विहिरीजवळ तीन खोल्यांचें घर उठविलें. बांधकामाकरितां तात्पुरतें मीटर घ्यावें लागतें आणि त्याचा दर घरगुती दराहून चढा असतो, एवढें ऐकून आम्हीं तो खर्च टाळला. पंप पांच अश्वशक्तीचा. त्याच वर्षाच्या एप्रिलपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचें वीजबिल सरकारनें माफ केलें होतें; तेव्हां बिलाचाही धाक उरला नाहीं. वायरिंग करणारा इसम म्हणाला, "साहेब, दोन महिन्यांचा तर प्रश्न." त्या दोन महिन्यांचे सात झाले. शेतीची वीज पाळीनें येते. दिवसाची पाळी असली कीं रात्रीं घर अंधारांत. आमच्या मातोश्रींचें वय ब्यायशी. एके रात्रीं उंबऱ्यास ठेंच लागून त्या पडल्या व मनगट दुखावून घेतलें. पुढच्याच पंधरवड्यांत तपासणीचें पथक आलें.

ज्या कामासाठीं वीज मंजूर झाली त्याहून निराळ्या कामास ती वापरणें हा २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणें अनधिकृत वापर ठरतो, आणि आकारणी दराच्या दुपटीनें होते. वापर कधींपासून चालू आहे हें ठरवितां आलें नाहीं, तर मागील बारा महिने धरतात. पंपाची वीज माफ आहे म्हणून घराचीही माफ, असा हिशेब तेथें चालत नाहीं. घर केव्हां उभें राहिलें याचे आम्हांजवळ पावतीनिशीं पुरावे होते, म्हणून सात महिन्यांवर भागलें. पैशापेक्षां लाज अधिक वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. आकारणीचा कागद आला तो आमचे वडिलांचे नांवें. आणि वडील २०११ सालीं वारले.

कायमच्या मीटरचा अर्ज करावयास बसलों तेव्हां हेंच पुनः आडवें आलें. वास्तविक कायदा अर्जदाराच्या बाजूचा आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ४३ अन्वयें जागेचा मालक किंवा भोगवटादार मागेल त्यास वीज देणें हें वितरण कंपनीचें कर्तव्य आहे. २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ सालीं दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणें अर्ज सर्व बाबतींत पूर्ण असल्यास ग्रामीण भागांत पंधरा दिवसांत, व डोंगराळ ग्रामीण भागांत तीस दिवसांत जोडणी मिळाली पाहिजे. मात्र नवे खांब रोवावे लागत असल्यास मुदत वाढते. दहा किलोवॅटपर्यंतच्या भारास कागद दोनच: एक ओळखीचा, दुसरा जागेच्या मालकीचा अथवा ताब्याचा. दोनच म्हटले खरे, पण बहुतेकांचें गाडें त्या दुसऱ्या कागदापाशींच अडतें.

येथें आमच्या जुन्या धंद्यांतील थोडें सांगतों. आठ-अ आणि नमुना आठ हे एकच, असा समज पुष्कळांचा आहे. आमचेकडे कचेरींत येऊन एक मागून दुसरा नेणारे आम्हीं शेकड्यांनीं पाहिले. आठ-अ हा महसुली उतारा. खातेदाराच्या नांवें गांवांत एकंदर जमीन किती व आकार किती, एवढेंच तो सांगतो. त्यांत घर नाहीं. नमुना आठ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंद; तींत घराचा क्रमांक, मालक, भोगवटादार, क्षेत्र व घरपट्टी असते. मीटरकरितां उपयोगी पडतो तो नमुना आठ. शेतांतील नवें घर तेथें आपोआप चढत नाहीं. जोतें झालें कीं ग्रामपंचायतीकडे अर्ज करून पोंच घ्यावी व आकारणी करून घ्यावी. शेतकऱ्यानें स्वतःचे शेतांत राहण्यास बांधलेलें घर जमीन महसूल अधिनियमाप्रमाणें शेतीच्याच वापरांत मोडतें. परंतु नगरपालिकेची हद्द किंवा नियोजनाचें क्षेत्र असेल तेथें आधीं परवानगी पाहावी.

आमची जमीन वडिलांचे नांवावर तशीच राहिली होती. वारसाची वर्दी तीन महिन्यांत द्यावी, हें कलम १४९ आम्हीं किती लोकांस बजावलें असेल! तलाठ्यानें (हल्लीं त्यांस ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचें, पण जिभेची संवय जात नाहीं) फेरफार धरला, नोटीस काढली, आणि उताऱ्यावर मातोश्री, दादा व आम्ही अशीं तीन नांवें आलीं. वाटप झालेलें नसल्यानें इतरांची संमति जोडावी लागली, आणि दादांनीं ती दीड महिना दिली नाहीं. विहिरीकडील अर्धें शेत मीटरच्या जोरावर आम्ही आपलें करूं, अशी शंका त्यांस कोणीं घातली होती. शेवटीं आम्हीं त्यांच्या घरीं जाऊन सांगितलें, "दादा, तुम्ही विजेचें बिल घेऊन कोणत्याही वकिलाकडे जा. त्यानें ताबा दिसेल, मालकी ठरत नाहीं. घरपट्टीचेंही तसेंच." दादा बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "तूं जन्मभर लोकांचे फेरफार लिहिलेस, घरचा एक लिहवला नाहींस. मग माणसानें विश्वास कशावर ठेवावा?" यावर आम्हांस उत्तर नव्हतें. सही त्यांनीं दुसरे दिवशीं केली. वाटपाचा अर्जही आम्हीं त्याच आठवड्यांत दिला.

खांबाची गोष्टही शेजाऱ्याशीं आधींच बोलून ठेवावी. दुसऱ्याच्या शेतांतून तार न्यावयाची तर त्याची संमति लागते. त्यानें हरकत घेतली तर २००६ च्या नियमांप्रमाणें जिल्हादंडाधिकाऱ्याची परवानगी काढावी लागते, आणि त्यांत एक पेरा सहज निघून जातो. आमचा खांब बांधाच्या कडेनें, नांगर वळण्याची जागा सोडून घ्यावा, असें ठरवितांच शेजारी तयार झाले.

बाकीचें सोपें आहे. भार मोजतांना पुढें येणारी घरची मोटर धरावी. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडून करून त्याचा चाचणी अहवाल घ्यावा. अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून नीट करावा व उन्हाळ्यांत त्यांत पाणी ओतीत जावें. गळती होतांच प्रवाह तोडणारें ३० मिलीअँपिअरचें उपकरणही बसवावें, ओल्या गोठ्याच्या शेजारीं तें फार मोलाचें. कोटेशन भरल्याची पावती जपावी. अनामत रकमेवर व्याज मिळतें. मुदत टळल्यास तक्रार लेखी द्यावी. पुढें ग्राहक तक्रार निवारण मंच व त्यावर विद्युत लोकपाल आहेत.

आमचें मीटर कागद पुरे झाल्यावर बाराव्या दिवशीं बसलें. बसवितांना मीटरचा क्रमांक, सील व आरंभीचें वाचन आम्हीं वहींत टिपून घेतलें, आणि पहिल्या बिलावर वर्ग घरगुती आहे याची खात्री केली. पंपापासून आणलेली वायर त्याच दिवशीं काढून गुंडाळून ठेविली. पंपाची जोडणी मात्र अद्याप वडिलांचेच नांवें आहे; तिच्या नांवबदलाचा अर्ज, दादांच्या सहीसह, या महिन्यांत दिला आहे.