व्हीली शिकायची? मग आधी मागचा ब्रेक शिका



या आठवड्याचा विषय बघून काही जण म्हणतील, सर बिझनेस सोडून सर्कस शिकवायला लागले की काय! विषय आहे सायकलची व्हीली. म्हणजे पुढचं चाक हवेत उचलायचं आणि नुसत्या मागच्या चाकावर सायकल चालवायची. काष्टीत माझं सायकलचं दुकान आहे. सुट्टी लागली की पोरं विचारायला येतात, "दादा, कोणत्या सायकलचं चाक पटकन उचलतं?" मागचा ब्रेक कसा आहे, हे विचारणारा मात्र क्वचितच भेटतो.

नवीन धंदा काढणाऱ्यांचंही तसंच असतं. दुकान कसं उघडायचं हे सगळे विचारतात, अडचण आली तर थांबायचं कसं हे फारसं कोणी विचारत नाही. म्हणून आज दोन्ही एकदमच शिकू.

चाक उचलतं कसं?

पहिला गैरसमज म्हणजे व्हीलीला ताकद लागते. हँडल ओढून चाक फार वेळ हवेत राहत नाही, लगेच खाली आपटतं. खरं काम असतं पायडलचं आणि वजनाचं.

१. गिअरची सायकल असेल तर हलका गिअर लावा. चढाला लावतो ना, तसा. बिनगिअरच्या सायकलवरही जमतं, पण पायडल जड जातं.

२. सीट थोडी खाली घ्या. मागचं कॅरिअर काढून ठेवा, मागे उतरताना ते अंगाला लागतं.

३. चालण्याच्या वेगात सरळ जा. पुढचं पायडल घड्याळातल्या एक-दोन वाजण्याच्या जागेवर आलं की जोरात एक दाब द्या. त्याच क्षणी हात सरळ सोडून खांदे मागे न्या.

४. चाक उचललं की पायडल मारणं थांबवू नका. नजर समोर लांब ठेवा, चाकाकडे बघू नका.

आता खरी गोष्ट: ब्रेक

व्हीलीत एक तोलाची जागा असते. तुमचं वजन मागच्या चाकाच्या बरोबर वर आलं की सायकल क्षणभर हलकी वाटते. त्या जागेच्या अलीकडे राहिलात तर चाक खाली येतं, मग पायडल मारायचं. पलीकडे गेलात तर तुम्ही पाठीवर पडायला लागता. इथे मागचा ब्रेक किंचित दाबला की पुढचं चाक आपोआप खाली येतं.

म्हणजे तोल सांभाळायला दोन गोष्टी लागतात. वर न्यायला पायडल आणि खाली आणायला ब्रेक.

आता गंमत बघा. ज्याला ब्रेकची खात्री नाही, तो तोलाच्या जागेपर्यंत पोचतच नाही. मागे पडायच्या भीतीने तो आधीच पुढे झुकतो आणि महिनाभर चाक आपटत बसतो. ब्रेकवर बोट ठेवून सराव केलेला माणूस बिनधास्त मागे झुकतो. ब्रेक असतो म्हणूनच त्याला पुढे जायची हिंमत होते.

म्हणून पहिले काही दिवस फक्त एवढंच करा: चाक उचला, ब्रेक दाबा, चाक खाली आणा. सगळंच हाताबाहेर गेलं तर हँडल सोडून मागे पायांवर उतरायचं, हेही मुद्दाम शिका. आणि कोणता लिव्हर मागच्या चाकाचा आहे, ते आधी चाक फिरवून तपासा.

जागा निवडताना मऊ मैदान किंवा गवत, आणि थोडासा चढ असेल तर उत्तमच. डोक्यावर हेल्मेट हवंच. नगर-दौंड रोडवर हे प्रयोग अजिबात नकोत. उसाच्या ट्रॉल्या तुमचा तोल सांभाळत बसणार नाहीत.

किती दिवस लागतात? कॅनडाचे रायन लीच नावाचे सायकलपटू व्हीलीचा ऑनलाइन कोर्स घेतात, तो ३० दिवसांचा आहे. रोज थोडा थोडा सराव, हाच त्यातला मार्ग. एका रविवारात जमेल असं धरून चालू नका.

धंद्याचा मागचा ब्रेक

समजा, तुमच्याकडे ६०,००० रुपये आहेत. त्यातले काही बचत गटाचे, काही घरातले. नाष्ट्याचा गाळा टाकायचाय. बहुतेक जण काय करतात? डिपॉझिट, फर्निचर, बोर्ड, उद्घाटन, आणि पैसे संपले. चाक जोरात उचललं, पण ब्रेक लावलेलाच नाही.

त्याऐवजी सुरुवातीलाच वहीत दोन ओळी लिहा. "२०,००० रुपये गेले की थांबून हिशोब बघायचा." आणि "तीन महिन्यांत रोजचा खर्च निघाला नाही तर पद्धत बदलायची." हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही ठरवा. पण पैसे आणि तारीख, दोन्ही लिहा. नुकसान सुरू झाल्यावर माणूस म्हणतो, "अजून एक महिना बघू." तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं, म्हणून नियम आधीच लिहायचा. आणि तो घरच्यांना वाचून दाखवायचा, कारण दागिना गहाण पडतो तो घरातलाच.

आणि मऊ मैदान? ते तर आपल्या दारातच आहे. काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार! लांबून शेतकरी आणि व्यापारी येतात, दिवसभर थांबतात, त्यांना चहा लागतो, जेवण लागतं, दोर-घुंगरं लागतात. महिन्याचं भाडं अंगावर घेण्याआधी चार शनिवार माल विकून बघा. पडलात तरी गवतावर पडाल.

बेळगावचं सायकल दुकान

हे मोठ्या माणसांनाही लागू होतं का? लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बघा. आज किर्लोस्कर म्हटलं की पंप आणि इंजिन आठवतात, पण सुरुवात झाली १८८८ साली, बेळगावच्या सायकल दुकानापासून. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. मुंबईहून सायकली पाठवायचे, आणि बेळगावात भाऊ रामुअण्णा त्या विकायचे. सायकल तेव्हा नवलाची वस्तू, म्हणून ती चालवायलाही ते शिकवायचे.

नोकरी चालू, धंदाही चालू. पुढे नोकरी सोडून ते बेळगावला आले. मग लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन खराब होईल म्हणून शेतकरी तो घ्यायलाही तयार नव्हते, तरी ते टिकले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. माझ्या मते पहिल्या वर्षांतला पगार हाच त्यांचा मागचा ब्रेक होता. तुमची नोकरी, शेती किंवा दुधाचे पैसे चालू असतील तर ते घाईने बंद करू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

- धंद्याच्या वहीच्या पहिल्या पानावर तुमचा ब्रेक लिहा: किती रुपये, कोणती तारीख.
- त्या दिवशी तुम्हाला कोण आठवण करून देईल, त्याचं नाव लिहा. बायको, नवरा, भाऊ, कोणीही चालेल, पण तोंडावर खरं बोलणारं माणूस हवं.
- पूर्ण भांडवल न लावता माल विकून बघायची एक जागा शोधा.

एवढं झालं की मग मारा पायडल, जोरात!